जहाज सुटेल हो!

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर सर्वांत जास्त खपणारा माल कोणता? दारू? दागिने? स्पामधलं तेलमालिश? छे. भीती! पहिल्याच संध्याकाळी जहाजावरच्या नाट्यगृहात तिची विक्री सुरू होते. मागच्या पडद्यावर कोलोसियम झळकतं, पुढे एक तुकतुकीत चेहऱ्याचा तरुण उभा राहतो, थोडा वेळ गोड गोड बोलतो आणि शेवटी आवाज जरा खाली आणून मुद्द्याचं सांगतो. आमच्या सहलीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबेल. तुम्ही आपापले गेलात आणि तुम्हाला उशीर झाला, तर थांबणार नाही. झालं. सहलींच्या काउंटरपुढे रांग लागते. आणि त्या रांगेत सर्वांत पुढे कोण? आपली माणसं.

आपली म्हणजे अगदी आपली. डोंबिवलीची, ठाण्याची, बोरिवलीची. तीस-तीस वर्षं सकाळची फास्ट पकडून ऑफिसला गेलेली. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून पेपर वाचणारी, लेडीज डब्यात मांडीवर मेथी निवडणारी, विरार गाडीत चढलेल्या बोरिवलीकराला शेवटपर्यंत दाराकडे सरकू न देणारी. गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे इंडिकेटरच्या आधी ज्यांना कळतं, कुठल्या डब्यात बसलं की दादरला उतरल्यावर पूल समोर येतो हे ज्यांना पाठ असतं, ती माणसं. त्यांनी असली खडतर उपनगरी रेल्वे जन्मभर पचवली आणि इटलीतल्या एका पॅसेंजर गाडीचं नाव काढताच ती गर्भगळीत होतात! "अहो, परका मुलुख, भाषा येत नाही, आणि जहाज सुटलं म्हणजे?"

मला याचा संताप येतो. पैसे ज्याचे त्याचे, त्यांनी ते समुद्रात टाकले तरी माझी तक्रार नाही. संताप येतो तो या शरणागतीचा. अंगात एवढी विद्या असताना एका विक्रेत्याच्या एका वाक्यासरशी ती गहाण टाकायची? कशासाठी?

आधी हा प्रवास मुळात किती अवघड आहे ते बघू. जहाजाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'रोम' छापलेलं असतं. जहाज रोमला जात नाही, रोमला समुद्र नाही. ते लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ट्राजान सम्राटानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी इथं बंदर बांधून घेतलं. आज धक्क्यावरून बंदराच्या दारापर्यंत फुकट शटल बस येते. तिथून गावातली बस घ्या, नाहीतर समुद्र उजव्या हाताला ठेवून सरळ चालू लागा. वाटेत मायकेलअँजेलोचं नाव मिरवणारा किल्ला लागतो. जहाजावरच्या दोन नाश्त्यांनंतर तेवढी चाल पोटाला हवीच असते. रस्ता स्टेशनवर जाऊन पोचतो, चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही.

स्टेशनावर तिकिटाचं यंत्र आहे आणि ते इंग्रजी बोलतं. 'बिर्ग' नावाचं दिवसभराचं तिकीट मागायचं. साधारण बारा युरोंत जाणं-येणं, शिवाय रोममधली मेट्रो आणि सिटी बस, सगळं त्यातच. कागदी तिकीट असेल तर त्यावर नाव आणि जन्मतारीख लिहायची. आणि एक गोष्ट विसरायची नाही. फलाटाकडे जाताना भिंतीवर एक छोटी पेटी असते, तिच्या फटीत तिकीट सरकवलं की खर्रकन आवाज येऊन त्यावर तारीख-वेळ उमटते. तो शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड बसतो, आणि तिथला तपासनीस कुणाच्या केविलवाण्या चेहऱ्याला भुलत नाही. ज्यांनी मुंबईत कूपनं पंच केली आहेत त्यांना हे शिकवावं लागतं का? खर्रकन आवाज हीच आपल्या तारुण्याची पार्श्वसंगीत-रचना होती!

गाडीत उजव्या बाजूला बसायचं. सांता मारिनेला, मग सांता सेवेराचा समुद्राला लागून उभा असलेला किल्ला, मग शेतं. जलद गाडी असेल तर पाऊण तासाच्या आसपास 'रोमा सान पिएत्रो' येतं. फलाटावर उतरलात की सेंट पीटर्सचा घुमट समोर दिसतो. दहा-पंधरा मिनिटं चालत गेलात की तुम्ही थेट चौकात. पुढे ओत्ताव्यानो स्टेशनवर मेट्रोची 'ए' लाइन, तेर्मिनीला बदलून 'बी', आणि 'कोलोस्सेओ' स्टेशनातून बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे ते अवाढव्य दगडी कडं उभं. दोन लाइनी, एक बदल. दादरला पश्चिमेवरून मध्यवर जाण्यापेक्षा सोपं. यात भिण्यासारखं काय आहे ते मला कुणीतरी समोर बसवून सांगावं.

आता जहाजाच्या सहलीचं बघा. वेळ वाचावा म्हणून तुम्ही ती घेतलीत ना? मग सकाळी पुन्हा त्याच नाट्यगृहात जमायचं. छातीवर नंबराचं स्टिकर. सतरा नंबर पुकारेपर्यंत बसून राहायचं. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले मॅनेजर, एका सहीसरशी कोटीची कर्जं मंजूर केलेली माणसं शर्टावर हिरवा गोल चिकटवून काठीवरच्या पाटीमागे मुकाट चालत असतात. मग बस. मग कुणीतरी एक काका शौचालयात राहिले म्हणून थांबलेली बस. मग महामार्ग आणि रोमच्या वेशीवरची वाहतूक. मोठ्या टुरिस्ट बसना रोमच्या जुन्या मध्यभागात शिरायला कडक निर्बंध आहेत, म्हणजे बस तुम्हाला कुठंतरी लांब सोडणार आणि तिथून चालवणार. चालणं चुकलंच नाही! कानात यंत्र, यंत्रात गाईडची खरखर, इथं वीस मिनिटं, तिथं 'फोटो स्टॉप', आणि हमखास एक दुकान, जिथं मात्र कुणालाही घाई नसते. जहाज सुटेल ही धास्ती त्या चामड्याच्या पाकिटांपुढे कुठं जाते?

याहून अजब माल म्हणजे नुसती ने-आण. गाईड नाही, एकाही ठिकाणाचं तिकीट नाही. जहाजाची बस तुम्हाला रोममध्ये सोडते, संध्याकाळी त्याच जागी उचलते, मधले तास तुमचे तुम्ही. त्याला भाव रेल्वेच्या तिकिटाच्या कित्येक पट. म्हणजे रोममध्ये एकटं हिंडायची तुमची हिंमत आहे, मेट्रो शोधायची आहे, हॉटेलात जेवण मागवायची आहे, फक्त स्टेशनावर जाऊन गाडीत बसायची नाही! हे तर्कशास्त्र कुठल्या पाठशाळेत शिकवतात?

जहाज थांबण्याचं आश्वासन खोटं नाही. सहलीच्या बसला उशीर झाला तर जहाजवाले त्यांच्या माणसांची सोय करतात आणि तुमची करत नाहीत, हे खरं. तुम्ही मागे राहिलात तर पुढचं बंदर स्वतःच्या खर्चानं गाठावं लागतं. पण म्हणून काय करायचं? गाडी पकडायचं सोडायचं, की वेळेत पकडायची? सकाळी सातला लागलेलं जहाज संध्याकाळी सातला सुटणार असेल तर सगळ्यांनी चढायची वेळ त्याच्या अर्धा-एक तास आधीची असते, आणि ती रोज छापून खोलीत येते. माझा नियम साधा आहे. ज्या गाडीनं परतायचं, तिच्यानंतर आणखी दोन गाड्या अशा असल्या पाहिजेत की त्यांनीही जहाज गाठता येईल. पहिली रद्द झाली तर दुसरी, दुसरी रखडली तर तिसरी. एवढं राखून ठेवलं की भीतीला शिरायला फट राहत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवायचं, कारण काही जहाजं स्वतःची वेळ पाळतात आणि मोबाइल आपला किनाऱ्यावरच्या वेळेवर जातो. रोजच्या त्या छापील कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवायचा. पासपोर्टची प्रत जवळ. बस्स.

"आणि इटलीत संप असतात त्याचं काय?" असतात. हा प्रश्न मेगाब्लॉकचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या माणसानं मला विचारला! इटलीत रेल्वेचा संप आगाऊ जाहीर करावा लागतो, १९९० चा कायदाच आहे तसा. आणि संपाच्या दिवशीही कामाचा वार असेल तर सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात. आदल्या रात्री पाच मिनिटं मोबाइलवर बघितलं की कळतं. संप असेल तर खुशाल जहाजाची बस घ्या, मी स्वतः घेईन. रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणून सोमवारी लोकल सोडून टॅक्सीनं ऑफिसला गेलेला एक तरी माणूस दाखवा.

"पाकीटमार!" तेही असतात. तेर्मिनीला असतात, मेट्रोच्या 'ए' लाइनवर असतात, आणि सहलीच्या बसमधून उतरणाऱ्या घोळक्याभोवती तर हटकून असतात, कारण छातीवर स्टिकर आणि नजर वर घुमटाकडे असलेला माणूस त्यांना शंभर पावलांवरून ओळखू येतो. बॅग पोटाशी घ्यायला आपल्याला कुणी शिकवायचं? आपण जन्मलोच बॅग पोटाशी घेऊन.

ज्यांचे गुडघे बोलतात, जे चाकाच्या खुर्चीवर आहेत, ज्यांच्या कडेवर तान्हं मूल आहे, त्यांनी बस घ्यावी. माझं भांडण त्यांच्याशी नाही. काही बंदरं तशी आहेतही. लिव्होर्नोला जहाज मालवाहू धक्क्याजवळ लागतं, तिथून चालू देत नाहीत, आधी शटलनं गावात, मग सिटी बसनं स्टेशन, मग गाडी. पिसा तिथून पाव तास-वीस मिनिटांचा खेळ, पण फ्लॉरेन्सला सव्वा ते दीड तास जातो. जहाज दुपारीच सुटणार असेल तर फ्लॉरेन्सचा हट्ट धरू नये, पिसा पाहून लुक्काला जावं. हा हिशेब करता येणं म्हणजेच प्रवास. हिशेब न करता घाबरणं म्हणजे आळस, आणि त्या आळसाला 'सुरक्षितता' असं भारदस्त नाव देणं मला सहन होत नाही.

नेपल्सला तर या मंडळींना कुठलीही सबब उरत नाही. तिथं जहाज शहराच्या पायथ्याशीच लागतं. धक्का ओलांडला, रस्ता ओलांडला की 'म्युनिचिपिओ' मेट्रो स्टेशन. हे स्टेशन खणताना खाली प्राचीन नेआपोलिसचं बंदरच सापडलं, चिखलात जपलेल्या रोमन काळातल्या होड्यांसकट! म्हणजे तुम्ही आजच्या बंदरातून उतरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदरात शिरता, आणि तिथून मेट्रो पकडता. एक स्टेशन उलट्या दिशेला गेलात तर 'तोलेदो', ज्याच्या सरकत्या जिन्यावर निळ्या मोझेइकचं आभाळ उघडतं. ऑस्कर तुस्केत्स या स्पॅनिश वास्तुकारानं ते केलं, २०१२ मध्ये सुरू झालं. जगभरातले लोक ते स्टेशन बघायला मुद्दाम तिकीट काढतात. आमची मंडळी त्याच्या डोक्यावरून बसमध्ये बसून निघून जातात, पडदे ओढून, कारण ऊन लागतं.

मग मेट्रोनं गारिबाल्दी स्टेशन. तिथून 'चिर्कुमवेसुव्याना'. व्हेसुव्हियसला वळसा घालत जाणारी ही उपनगरी रेल्वे मला मनापासून आवडते. डबे रंगारंगाच्या फवाऱ्यांनी चितारलेले, उन्हाळ्यात घामाच्या धारा, दारात शाळकरी पोरांची गर्दी, एक म्हातारी मांडीवर लिंबांची पिशवी धरून शेजारणीला सुनेबद्दल काहीतरी सांगते आहे. काय सांगते आहे ते भाषा न येताही कळतं! सोरेंतोकडे जाणारी गाडी धरायची आणि 'पोंपेई स्कावी – व्हिल्ला देई मिस्तेरी' हे पूर्ण नाव बघूनच उतरायचं, कारण पोंपेई नावाचं स्टेशन दुसऱ्या मार्गांवरही आहे. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. बाहेर पडलात की दोन मिनिटांवर इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या शहराचं दार. पोंपेई फार मोठं वाटलं तर त्याच रुळावर अलीकडे 'एर्कोलानो स्कावी' आहे. स्टेशनापासून उतारानं दहा मिनिटं चाललं की हर्क्युलेनियम, आकारानं लहान, आणि लाकडी तुळयासुद्धा शाबूत राहिलेलं.

बसवाल्यांचं पोंपेई कसं होतं? कित्येक सहलींत आधी शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांच्या कारखान्याला भेट. तिथं खुर्च्या मांडलेल्या, प्रात्यक्षिक, मग विक्री. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बेकरीची भट्टी, जात्याचे दगड, रस्त्यावर रथाच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, हे सगळं उरलेल्या वेळात. आणि रात्री जेवताना हेच लोक सांगणार की पोंपेई "ठीक आहे, नुसतेच दगड." दगड नाहीत हो ते! तुम्हाला कुणी थांबू दिलं नाही, आणि तुम्ही थांबायला मागितलं नाहीत.

एका आक्षेपाला मात्र मी मान देते. जहाजातून एकदम हजारो माणसं उतरतात, ती सगळी गावच्या बसमध्ये चढली तर गावकऱ्यांनी कुठं जायचं? बार्सिलोनात पार्क ग्वेलजवळून जाणारी ११६ नंबरची छोटी बस पर्यटकांनी इतकी भरायला लागली की तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी जायला जागा मिळेना. शेवटी रहिवाशांच्या तक्रारीवरून २०२४ मध्ये तो मार्ग गूगलच्या नकाशावरून काढून टाकण्यात आला. मला त्या रहिवाशांची बाजू पूर्ण पटते. पण यावरचा इलाज शंभर डिझेल बस त्याच गल्ल्यांच्या तोंडाशी उभ्या करणं हा नव्हे. इलाज म्हणजे रीत पाळणं. ऑफिसच्या वेळेत छोट्या बसमध्ये घुसू नये, जिथं मेट्रो आहे तिथं मेट्रोनं जावं, उतरणाऱ्याला आधी उतरू द्यावं, आणि बारा जणांनी डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "चिवडा कुणाकडे आहे रे?" असं ओरडू नये. रोमच्या गाडीत अंताक्षरी खेळणारा घोळका बघून मी डबा बदलला आहे. स्वतःच्या गावच्या लोकलमध्ये दुसऱ्याच्या भजनी मंडळाला नावं ठेवणारेच होते ते!

मुंबईकराला तर जहाज आणि रेल्वेचं नातं परक्यानं सांगायची वेळच यायला नको होती. बॅलार्ड पियरला धक्क्याला खेटूनच रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब लिमिटेड तिथून सुटायची. विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरायचा, सामान हमालाच्या डोक्यावर, आणि समोर उभ्या गाडीत बसून थेट पेशावरच्या वाटेला लागायचा. बंदरावर उतरून रेल्वेत बसणं ही या शहराची जुनी, अत्यंत शहाणी सवय आहे. आजही त्याच बॅलार्ड पियरवरून क्रूझ सुटतात आणि सीएसएमटी तिथून वीसेक मिनिटांच्या चालीवर आहे.

त्या क्रूझ कुठं जातात? बऱ्याचशा गोव्याला. आणि इथं माझा उरलासुरला संयम संपतो. मुरगाव बंदरात जहाज लागतं, आणि तिथंही आपली माणसं सहलीच्या बसची चौकशी करत काउंटरपुढे उभी! इटलीत निदान भाषेची सबब होती. मुरगावहून वास्को काही किलोमीटरवर. वास्कोच्या स्टँडवरून कदंबाची पणजी शटल सुटते. आधी खिडकीवर तिकीट काढायचं, मग बसायचं, मध्ये कुणी चढत-उतरत नाही. झुआरीच्या नव्या पुलावरून नदी दिसते, तासाभरात पणजीचा स्टँड. तिथून पाटो ओलांडून चालत फोंतेन्यास, तिथली रंगवलेली घरं, खिडक्यांच्या शिंपल्यांच्या जुन्या तावदानांत अडकलेला उजेड. परत स्टँडवर येऊन जुन्या गोव्याची बस धरली की बॉम जेझुस बॅसिलिका. संध्याकाळच्या आत आरामात जहाजावर.

हे सगळं एका निवृत्त गृहस्थांना मी सांगितलं. मध्य रेल्वेनं जन्म काढलेले. ते म्हणाले, "ताई, तुमचं खरं आहे, पण अनोळखी ठिकाणी रिस्क कशाला?" अनोळखी? गोवा? कोकणात आजोळ असलेल्या माणसाला? वास्कोच्या खिडकीपुढे उभं राहून "एक पणजी" म्हणायला कोणती परकी भाषा लागते, काका?